प्रवासांतलीं चित्रें आणि त्यांची दुसरी प्रत

जयसिंगपूर हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांना मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील एक स्टेशन म्हणून ठाऊक असेल. राजर्षि शाहू महाराजांनीं आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नांवानें ही पेठ वसविली. एकमेकांना काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते आणि नांवांऐवजीं अनुक्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, अशी तिची आंखीव रचना आहे. पेठ अशी नवी असल्यानें तेथें पुरातन असें कांहीं नाहीं. परंतु तेथून तासाभराच्या वाटेवर, कृष्णेच्या कांठीं, खिद्रापूर आहे आणि खिद्रापुरास कोपेश्वराचें शिलाहारकालीन मंदिर आहे. म्हणून कॅमेरा गळ्यांत अडकवून हिंडणारा प्रवासी जयसिंगपुरास उतरतो, दिवस खिद्रापुरास घालवितो आणि दिवेलागणीला परत येतो.

अशाच एका सायंकाळीं मी जयसिंगपुरास मावशीच्या घरीं उतरलों होतों. हातपाय धुऊन चहा घेतला आणि पिशवींतून पाटीएवढें तें सपाट यंत्र, ज्याला आपण टॅब्लेट किंवा नुसतें टॅब म्हणतों, तें बाहेर काढलें. कॅमेऱ्यांतलें टपालाच्या तिकिटाएवढें मेमरी कार्ड एका लहानशा जोडणीनें त्याला लावलें आणि दिवसभरांत टिपलेलीं चित्रें एकामागून एक त्यांत उतरूं लागलीं. मावशी शेजारीं येऊन बसली. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "अरे, पुण्याला जाऊन निवांत बघ की. एवढी घाई कसली?" मीं म्हटलें, "मावशी, पुण्याला गेल्यावर एखादें चित्र बिघडलेलें दिसलें, तर खिद्रापूर काय माझ्यामागून पुण्याला येणार आहे?"

ती हंसली. परंतु तिचा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. प्रवासांत असतांनाच चित्र तपासून पाहावें, आणि मुक्काम हलण्यापूर्वीं त्याची दुसरी प्रत करून ठेवावी, ही घाई आजकालची आहे काय? आज मी आपल्यापुढें जें सांगणार आहें, तें ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. ही चिंता छायाचित्रणाच्या कलेइतकीच जुनी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालें तेव्हां जें गमावलें गेलें, त्याची भरपाई आजपर्यंत झालेली नाहीं.

आरंभापासून पाहूं. १८३९ सालीं फ्रान्समध्यें लुई दागेर याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारें तें चित्र अतिशय रेखीव असे. पण तें एकमेव असे. त्याची प्रत निघत नसे. पत्रा हरवला किंवा घांसला गेला, कीं चित्र गेलें. त्याच सुमारास इंग्लंडांत विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट हा दुसऱ्या वाटेनें चालला होता. १८४१ सालीं त्यानें आपल्या रीतीचें पेटंट घेतलें. तींत प्रथम कागदावर उलट्या छायाप्रकाशाचें चित्र, म्हणजे निगेटिव्ह, मिळे. आणि त्यावरून पाहिजे तितक्या प्रती काढतां येत. रेखीवपणांत टॉलबटचें चित्र दागेरच्या चित्रापुढें फिकें पडे. तरीसुद्धां जगानें अखेरीस वाट धरली ती टॉलबटचीच. ज्या चित्राची दुसरी प्रत निघते, त्याचें आयुष्य एका वस्तूच्या आयुष्याला बांधलेलें राहत नाहीं, हें लोकांच्या ध्यानांत आलें होतें.

आपल्याकडे ही विद्या लौकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या हिंदी छायाचित्रकारांतील अग्रगण्य गृहस्थ होत. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या मनांत आलें, कीं जुन्या इमारतींचीं चित्रें हातानें काढविण्यापेक्षां कॅमेऱ्यानें घ्यावीं. १८५५ सालीं तोफखान्यांतले कॅप्टन थॉमस बिग्ज यांची ह्या कामावर नेमणूक झाली आणि त्यांच्यामागून डॉ. विल्यम पिगू यांनीं तें पुढें चालविलें. विजापूरचे घुमट आणि धारवाडकडील देवळें त्यांनीं टिपलीं. जयसिंगपुराहून विजापूर आज अर्ध्या दिवसाची वाट आहे. त्या काळीं सामानाच्या बैलगाड्यांनिशीं तो कित्येक मुक्कामांचा प्रवास असे. त्यांच्या चित्रांचे मोठे ग्रंथ १८६६ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाले, हें साल कृपा करून ध्यानांत ठेवावें. त्याची गरज पुढें लागणार आहे.

त्या काळांतील प्रवासी छायाचित्रकाराचा दिवस कसा जात असे, हें समजल्यावांचून टॅब्लेटचें महत्त्व समजणार नाहीं. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर ओल्या कोलोडियनचा लेप देण्याची रीत काढली. ही कांच ओली आहे तोंवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आंत, कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावें लागे आणि लागलींच रसायनांनीं तें प्रकट करावें लागे. आपल्या उन्हाळ्यांत लेप त्याहूनही लौकर वाळे. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचीं भांडीं आणि कांचांनीं भरलेल्या जड पेट्या, असा संसारच चाले. हें सारें कष्टाचें होतें. पण त्या कष्टांत एक लाभ दडलेला होता. देवळासमोर उभे असतांनाच चित्र कसें आलें आहे तें दिसे. तें बिघडलें असेल, तर कांच धुऊन पुसून पुन्हां लेप द्यावा आणि पुन्हां चित्र घ्यावें. सूर्य तोच, देऊळ तेंच, फक्त अर्धा तास गेलेला. तपासणी जागच्या जागीं होई. मात्र दुसरें काम, म्हणजे प्रत करून ठेवण्याचें, मुक्कामावर क्वचितच साधे. कागदावर छाप घ्यावयाचा तर निवांतपणा आणि तासन्‌तास ऊन हवें. तोंवर सगळा भरंवसा एका कांचेवर, आणि ती कांच खडबडीत वाटेवरच्या बैलगाडींत!

आतां अजिंठ्याकडे वळूं. कारण दुसरी प्रत म्हणजे काय, आणि ती कोठें ठेवावी, ह्याचा सर्वांत महाग धडा महाराष्ट्राला अजिंठ्यानें दिलेला आहे.

मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्याचें काम १८४४ सालीं सोंपविण्यांत आलें. गिलनें त्यांत जवळ जवळ वीस वर्षें घालविलीं. लेण्यांतल्या अंधुक प्रकाशांत, तापाच्या आणि वन्य पशूंच्या भीतींत, त्यानें भिंतींवरील चित्रें तैलरंगांत मोठमोठ्या पडद्यांवर उतरविलीं. तीं लंडनला पाठविलीं गेलीं आणि पुढें सिडनहॅम येथील स्फटिकमहालांत, ज्याला क्रिस्टल पॅलेस म्हणत, तेथें प्रदर्शनार्थ मांडलीं गेलीं. डिसेंबर १८६६ मध्यें त्या महालाला आग लागली. वीस वर्षांच्या श्रमांपैकीं बोटांवर मोजण्याइतके पडदे उरले. बाकी सर्व जळालें. ज्या वर्षीं विजापूर-धारवाडचीं छायाचित्रें ग्रंथरूपानें अनेक घरांत आणि ग्रंथालयांत पोंचलीं, त्याच वर्षीं अजिंठ्याच्या ह्या एकुलत्या एक प्रती नाहींशा झाल्या.

गिलनें कॅमेराही हातीं घेतला होता. त्यानें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ सालीं, म्हणजे आगीच्या दोन वर्षें आधीं, दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झालीं होतीं. तीं छायाचित्रें आज आपल्याला पाहावयास मिळतात. त्यांत रंग नाहींत आणि भिंतींवरील चित्रांचें काम त्यांनीं भागत नाहीं, हें खरें. परंतु एका माणसाच्या हातच्या दोन कामांपैकीं जें एकाच ठिकाणीं होतें तें जळालें, आणि जें अनेक ठिकाणीं वांटलें गेलें तें उरलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, कीं ह्या आगीनें सरकार शहाणें झालें असेल. तें अर्धेंच शहाणें झालें. १८७२ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांच्यावर नव्यानें प्रती करण्याचें काम सोंपविलें गेलें. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे हिंदी विद्यार्थी त्यांच्यासह कित्येक हंगाम अजिंठ्यास राहिले. तेरा वर्षांत सुमारें तीनशें पडदे तयार झाले. तेही लंडनलाच गेले आणि साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आले. १८८५ सालीं तेथेंही आग लागली आणि त्यांतले कित्येक पडदे जळून गेले. ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ सालीं दोन मोठ्या भागांत अजिंठ्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणून त्या श्रमाचें कांहीं फळ तरी जगाच्या हातीं राहिलें.

मुळांतलें चित्र जागेवर आहेच, मग प्रतीसाठीं एवढा शोक कां, असें कोणास वाटेल. परंतु मूळ चित्रें तशींच राहिलीं नाहींत. दमट हवा, वटवाघळें, हौशी लोकांनीं खरवडून नेलेले तुकडे, आणि प्रती करणाऱ्यांनींच रंग उठून दिसावेत म्हणून लावलेलें व्हार्निश पुढें काळवंडल्यामुळें झालेली हानि, ह्या सर्वांनीं भिंतींवरून पुष्कळ कांहीं नाहींसें केलें आहे. १८५० च्या सुमारास गिलला जें दिसत होतें, तें सगळें आज कोणालाच दिसत नाहीं. त्या दोन आगींत नुसते रंगविलेले पडदे जळाले नाहींत. एका विशिष्ट दिवशीं भिंत कशी होती, ह्याची साक्ष जळाली.

प्रती पुष्कळ होत्या. पण त्या सगळ्या एका छताखालीं होत्या. प्रत काढली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. ती मूळ वस्तूपासून आणि इतर प्रतींपासून दूर ठेवली पाहिजे. अजिंठ्याचा हा धडा आहे, आणि आपण तो अजून पुरता शिकलों नाहीं, असें पुढें दिसून येईल.

ग्रिफिथ्स यांचें काम चालू असतांनाच छायाचित्रणाचें रूप पालटलें. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत सुचविली आणि दहा वर्षांच्या आंत अशा तयार कांचा बाजारांत मिळूं लागल्या. १८८८ सालीं ईस्टमननें कोडॅक कॅमेरा काढला. त्यांत शंभर चित्रांची गुंडाळी असे आणि ती संपली, कीं कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवावयाचा. काळोखा तंबू गेला, बैलगाडी गेली, रसायनांच्या बाटल्या गेल्या. पण त्यांच्याबरोबर जागच्या जागीं होणारी तपासणीही गेली. चित्र घेतलें, तें आलें कीं नाहीं, हें घरीं परतल्यावर कळणार!

आपल्या पिढीनें हा काळ अनुभवलेला आहे. छत्तीस चित्रांचा रोल जपून जपून वापरावयाचा, गांवीं परतल्यावर तो धुवावयास टाकावयाचा, आणि चार दिवसांनीं स्टुडिओवाल्यानें मान हलवीत सांगावें, कीं रोल कॅमेऱ्यांत नीट अडकलाच नव्हता, सबंध कोरा निघाला. काशीयात्रा झालेली असे. पण तिचा एकही फोटो नसे. कित्येक घरांत वडीलधाऱ्यांची ती पहिली आणि शेवटची यात्रा असे.

ह्या काळांत तपासणी आणि निवड प्रवासांतच करण्याचा एक विलक्षण प्रसंग दक्षिण ध्रुवाकडील बर्फावर घडला. शॅकल्टनच्या मोहिमेवर फ्रँक हर्ली हा छायाचित्रकार होता. १९१५ सालीं त्यांचें एन्ड्युरन्स हें जहाज बर्फानें चिरडलें. हर्लीनें बुडत्या जहाजांतून आपल्या कांचा बाहेर काढल्या. त्या सर्व बरोबर नेणें अशक्य होतें. मग तो आणि शॅकल्टन बर्फावर बसले. एकेक कांच उजेडासमोर धरून पाहिली. सुमारें एकशेंवीस निवडल्या आणि उरलेल्या जवळ जवळ चारशें तेथेंच फोडून टाकल्या. मागाहून मोह होऊन कोणी परत वळूं नये, म्हणून फोडल्या. निवडलेल्या कांचा धातूच्या डब्यांत डाग देऊन बंद केल्या आणि त्या अखेर घरीं पोंचल्या. मुक्काम हलण्यापूर्वीं पाहावें, निवडावें आणि राखावयाचें तें नीट बंद करून ठेवावें, हाच नियम त्या बर्फावर पाळला गेला.

जागच्या जागीं चित्र पाहण्याची सोय परत आणण्याचा एक प्रयत्न एडविन लँड यानें १९४७ सालीं दाखविलेल्या पोलरॉइड कॅमेऱ्यानें झाला. मिनिटभरांत हातीं कागदी चित्र येई. परंतु तें दागेरच्या पत्र्यासारखें एकमेव असे; एक सोय आली, तर दुसरी गेली.

दोन्ही सोयी एकत्र आल्या त्या अंकीय, म्हणजे डिजिटल छायाचित्रणानें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें पहिला असा कॅमेरा जुळविला. त्याला एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास तेवीस सेकंद लागत. १९९५ च्या सुमारास पाठीवर छोटा पडदा असलेले कॅमेरे सामान्य गिऱ्हाइकांच्या हातीं येऊं लागले, आणि चित्र घेतल्याबरोबर पाहण्याचें सुख शंभर वर्षांनीं प्रवाशाला पुन्हां लाभलें. पण साठवण अपुरी होती. कार्डें लहान आणि महाग. कार्ड भरलें, कीं प्रवाशानें गांवांतला फोटो स्टुडिओ शोधावा, तेथें सीडी करून घ्यावी, कार्ड पुसावें आणि पुढें निघावें. ती सीडी घरीं उघडेल कीं नाहीं, हें दैवाच्या हातीं! कांहीं जण कार्ड रिकामें करून घेणारी लहानशी पेटी किंवा जड लॅपटॉप बरोबर बाळगीत.

२०१० सालीं आयपॅड आला आणि त्याच वर्षीं कॅमेऱ्याचें कार्ड त्याला लावण्याची जोडणीही आली. पुढल्या वर्षीं अँड्रॉइड टॅब्लेटांनाही अशा जोडण्या लावतां येऊं लागल्या. आरंभीं आयपॅडमध्यें एक उणीव होती. चित्रें आंत घेतां येत. पण तेथून वेगळ्या डिस्कवर थेट उतरवितां येत नसत. ती अडचण २०१९ पासून दूर झाली. आज टॅब्लेट हा प्रवाशाचा काळोखा तंबू आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. फक्त त्याचें वजन अर्धा किलोच्या आसपास भरतें.

त्याचा उपयोग काय, तें खिद्रापूरच्या उदाहरणानें सांगतों. कोपेश्वराच्या देवळापुढें स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांबांच्या ह्या मंडपाला मध्यभागीं छत नाहीं. तेथें वर्तुळाकार आकाश दिसतें आणि त्याच्या खालीं तशीच वर्तुळाकार शिला आहे. मध्यभागीं झगझगीत ऊन आणि भोंवतालच्या खांबांपाशीं दाट सांवली, असा तेथला प्रकार. कॅमेऱ्याच्या पाठीवरील तीन इंची पडद्यावर माझीं सगळीं चित्रें उत्तम दिसत होतीं. लहान आकारांत सर्वच चित्रें रेखीव दिसतात. सायंकाळीं टॅबवर तींच मोठीं करून पाहिलीं, तेव्हां दोन दोष ध्यानांत आले. सांवलींतल्या खांबांचीं चित्रें हात हालल्यानें पुसट झालीं होतीं, आणि शिलेवरील उन्हाचा भाग इतका पांढरा पडला होता, कीं त्यांतलें दगडाचें पोत परत येणें शक्य नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मी पहाटेच निघालों. ऊन वर येण्यापूर्वीं, तिकाटणें टेकवून, तेच खांब पुन्हां घेतले. विजापूरच्या वाटेवरील छायाचित्रकारानें कांच धुऊन पुन्हां लेप द्यावा, तसेंच हें झालें.

टॅबचा पडदाही फसवितो, हें मात्र सांगितलें पाहिजे. अंधाऱ्या खोलींत त्याची उजळणूक पूर्ण ठेवली, तर काळवंडलेलें चित्रही तेजस्वी भासतें. म्हणून ती मध्यम ठेवावी. तसेंच घाईनें चित्रें पुसूं नयेत. हर्लीला कांचा फोडाव्या लागल्या, कारण त्या सर्व बरोबर नेणें शक्य नव्हतें. आपल्यावर तशी पाळी आलेली नसते. थकलेल्या डोळ्यांना सायंकाळीं निरुपयोगी वाटलेलें चित्र वर्षानें मोलाचें ठरतें.

आतां प्रतीविषयीं. चित्रें टॅबमध्यें उतरलीं, म्हणजे आपल्यापाशीं दोन प्रती झाल्या, एक कार्डावर आणि एक टॅबमध्यें, असें समाधान मानून पुष्कळ लोक कार्ड पुसून टाकतात. पुसतांक्षणीं दोनाची पुन्हां एकच प्रत उरते! बरें, कार्ड न पुसतां तें कॅमेऱ्यांत ठेवलें, आणि कॅमेरा व टॅब एकाच पिशवींत ठेवले, तर तो क्रिस्टल पॅलेसच होय. पिशवी गाडींत राहिली, कीं मूळ आणि प्रत दोन्हीं गेलीं. माझ्या स्वतःच्या बाबतींत हें एकदां घडलें आहे. तेव्हांपासून कार्ड माझ्या खिशांत असतें, टॅब पिशवींत आणि तिसरी प्रत एका लहानशा डिस्कवर, ती सोबत्याच्या पेटींत.

कोणी विचारील, आकाशांतल्या मेघांत, म्हणजे क्लाउडवर, चित्रें पाठविलीं कीं झालें नाहीं काय? तें उत्तम, परंतु गणित करून पाहावें. संपूर्ण प्रतीचीं, ज्यांना रॉ म्हणतात तीं, चित्रें तीस मेगाबाइटांचीं धरलीं आणि दोन हजार घेतलीं, तर साठ गिगाबाइट होतात. खेड्यांत सेकंदाला पांच मेगाबिटांचा वेग मिळाला, तरी त्यांना सव्वीस तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणून मुक्कामावरून निवडक चित्रें पाठवावीं. बाकीचीं घरीं आल्यावर. शिवाय कित्येक व्यवस्थांत टॅबवर चित्र पुसलें, कीं तें मेघांतूनही पुसलें जातें. ती प्रत नव्हे. तें मूळ चित्राचें प्रतिबिंब होय. बिंब नाहींसें झाल्यावर आरशांत कांहीं उरत नाहीं.

श्रोतेहो, हें सगळें हौशी माणसाचें कौतुक आहे, असें आपल्याला वाटत असेल. म्हणून शेवटीं एक घरची गोष्ट सांगतों.

माझें आजोळ शिरोळ तालुक्यांतलें, कृष्णेच्या कांठचें. ह्या भागांत नदीचें येणें नवें नाहीं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तमंदिरांत पाणी शिरतें आणि दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबून येतात. पण ऑगस्ट २०१९ मधलें पाणी सोहळ्याचें नव्हतें. २००५ सालींही पूर आला होता. परंतु २०१९ चा त्याहून मोठा. नदीकांठचीं गांवें दिवसचे दिवस पाण्यांत राहिलीं आणि २०२१ च्या जुलैमध्यें पुन्हां तोच प्रसंग आला. मामांच्या घरांत पाणी छातीपर्यंत चढलें. पलंगाखालीं एक लोखंडी ट्रंक होती. तींत घरांतले सगळे फोटो. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तेव्हां आंत चिखलाचा एक ठोकळा झालेला होता. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो; तो पाण्यानें फुगतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. ते ओले असतांनाच स्वच्छ गार पाण्यांत सोडवून, तोंडें वर करून वाळवले, तर पुष्कळ वांचतात. आम्हांला तें तेव्हां ठाऊक नव्हतें. ठोकळा उन्हांत वाळविला गेला आणि मग सुटणें शक्यच उरलें नाहीं. मामा एवढेंच म्हणाले, "भांडींकुंडीं परत घेतां येतात रे. आईचा फोटो कुठनं आणायचा?"

आजीनें आयुष्यांत एकदांच फोटो काढून घेतला होता, मावशीच्या लग्नाच्या वेळीं. आमच्यापाशीं तो नव्हता. ज्या स्टुडिओनें काढला, तो बंद होऊन तीस वर्षें झालीं होतीं. दोन वर्षें आम्ही सर्वांनीं तो गेला, असेंच धरलें होतें.

त्या सायंकाळीं जयसिंगपुरास टॅबवर खिद्रापूरचीं चित्रें पाहतां पाहतां मीं मावशीला गिल आणि ग्रिफिथ्स यांची ही हकीकत सांगितली. ती ऐकून मावशी उठली, आंत गेली आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. त्यांत तिच्या लग्नाची पत्रिका होती आणि पत्रिकेच्या घडींत पोस्टकार्डाएवढा एक फोटो होता. खुर्चींत ताठ बसलेली आजी, आणि मागें उभी असलेली नवी नवरी. "सासरीं येतांना आईनं दिली होती ही प्रत," मावशी म्हणाली. "ट्रंकेत दुसरी आहे, असंच मला वाटायचं. म्हणून कधीं कुणाला सांगितलं नाहीं."

घरापासून दूर गेलेली प्रत वांचली होती. आजीला अजिंठ्याची आग ठाऊक नव्हती. पण मुलगी सासरीं जातांना आपला चेहरा तिच्याबरोबर जावा, एवढें तिला वाटलें, आणि तेवढ्यानें जें साधलें, तें लंडनच्या संग्रहालयांना साधलें नव्हतें. पूर्वीं आपल्या घरांतून लग्नाच्या फोटोंच्या प्रती मुंबईच्या काकांना, नागपूरच्या आत्याला, परदेशीं गेलेल्या भावाला टपालानें पाठविण्याची रीत होती. ती निव्वळ प्रेमाची रीत, असें आपण समजत होतों. ती जतनाचीही रीत होती. आज प्रत्येकाच्या खिशांत हजारों चित्रें आहेत. म्हणूनच कोणी कोणास प्रत पाठवीत नाहीं.

खिडकीपाशीं उजेडांत तो फोटो ठेवून मीं कॅमेऱ्यानें टिपला. लगेच टॅबवर उतरविला, मोठा करून पाहिला. पहिल्या खेपेस कांचेसारखी चमक आली होती, म्हणून जागा बदलून पुन्हां घेतला. दुसरा चांगला आला. आजीच्या नथीचा मोती दिसूं लागला. त्याच रात्रीं मामांच्या फोनवर तो पाठविला. मामांनीं उत्तर कांहीं धाडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळींच ते एस. टी. नें जयसिंगपुरास आले आणि मूळ फोटो हातांत घेऊन बराच वेळ बसले.

निघतांना मावशीनें विचारलें, "आतां ह्याच्या प्रती कुठं कुठं ठेवणार आहेस?" आदल्या दिवशीं घाई कसली म्हणून विचारणारी तीच मावशी. मीं सांगितलें, "मूळ तुझ्या डब्यांत, एक छापून मामांकडे, आणि एक माझ्याकडे पुण्याला." ती म्हणाली, "आणि माझ्या लेकीकडे एक पाठव. ती लांब आहे, तेच बरं."